बेरीज चुकली, पण एकही एरर नाही: जावक फाइलमधल्या १,७१५ नगांचा छडा

फॉर्म्युला एरर दाखवत असेल तर काम निम्मं झालेलं असतं, कारण निदान कुठे पाहायचं ते कळतं. खरी डोकेदुखी असते ती नीटनेटक्या, विश्वासार्ह दिसणाऱ्या चुकीच्या आकड्याची. इथे घेतलेलं प्रकरण त्याच जातीचं आहे. (फॉर्म्युल्यांची नावं आणि अंक इथे देवनागरीत लिहिले आहेत, एक्सेलमध्ये ते रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करायचे.)

फाइल एका गोदामाच्या मार्च २०२५ च्या जावक नोंदींची. शीट तीन. 'जावक' शीटवर ए कॉलममध्ये तारीख, बी मध्ये वस्तूचं नाव, सी मध्ये नग आणि डी मध्ये त्या ओळीचं एकूण वजन. नोंदी ओळ २ पासून १२४१ पर्यंत, म्हणजे १,२४० ओळी. 'वस्तूसूची' शीटवर ८९ वस्तू आणि त्यांचं एका नगाचं वजन. 'गोषवारा' शीटवर ओळ ५ ते ९३ मध्ये त्याच ८९ वस्तू, प्रत्येकीसमोर महिन्याची जावक आणि खाली एकूण बेरीज. एच१ मध्ये १ मार्च, एच२ मध्ये ३१ मार्च. प्रत्येक वस्तूसमोरचा फॉर्म्युला असा (समइफ्स म्हणजे अटी लावून केलेली बेरीज, इथे अटी वस्तूचं नाव आणि दोन तारखा):

=समइफ्स(जावक!$सी$२:$सी$१२४१, जावक!$बी$२:$बी$१२४१, ए५, जावक!$ए$२:$ए$१२४१, ">="&$एच$१, जावक!$ए$२:$ए$१२४१, "<="&$एच$२)

तक्रारी दोन होत्या. गेटपासांची हाताने केलेली बेरीज ४८,६२० नग येते, गोषवारा मात्र ४६,३१२ दाखवतो. शिवाय जावक शीटवर नग बदलले तरी गोषवाऱ्यातला आकडा जागचा हलत नाही.

आधी आकडा ताजा करा

दुसरी तक्रार आधी घ्यायची, कारण शिळ्या आकड्यावर तपास करणं म्हणजे वेळ वाया घालवणं. खालच्या स्टेटस बारवर 'कॅल्क्युलेट' हा शब्द दिसत होता. याचा अर्थ एक्सेल मॅन्युअल गणनेवर आहे आणि काही सेल मोजायचे राहिले आहेत. कुणी मुद्दाम केलेलं नसलं तरी हे घडतं. गणनेची पद्धत ही फाइलपुरती नसते, उघडलेल्या संपूर्ण एक्सेलला एकच लागू होते आणि ती ठरते त्या बैठकीत सर्वांत आधी उघडलेल्या फाइलवरून. पहिली फाइल मॅन्युअलवर सेव्ह केलेली असली की नंतर उघडलेल्या सगळ्या फाइली मॅन्युअलवर जातात. त्या तशाच सेव्ह केल्या की दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकी जी पहिली उघडेल ती हा संसर्ग पुढे नेते.

फॉर्म्युलाज टॅबवर कॅल्क्युलेशन ऑप्शन्समध्ये ऑटोमॅटिक निवडलं आणि कंट्रोल + ऑल्ट + एफ९ दाबलं. नुसतं एफ९ फक्त बदल झालेले आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले सेल मोजतं. कंट्रोल + ऑल्ट + एफ९ उघड्या फाइलींमधलं सगळं पुन्हा मोजतं. आकडा ४६,९०५ झाला. म्हणजे खरी तूट २,३०८ नाही, १,७१५. हा झाला तपासाचा पाया. यानंतर फाइलची प्रत काढली आणि पुढचं सगळं प्रतीवर केलं.

तीन साधे आकडे

या टप्प्यावर बहुतेक जण फॉर्म्युल्यात घुसतात, कंस मोजतात, डॉलरची चिन्हं तपासतात. त्याआधी मूळ माहितीबद्दल तीन प्रश्न विचारलेले बरे. जावक शीटवर रिकाम्या सेलमध्ये:

=काउंटए(सी२:सी१२४१) याचं उत्तर १,२४०.
=काउंट(सी२:सी१२४१) याचं उत्तर १,२२२.
=सम(सी२:सी१२४१) याचं उत्तर ४६,६६०.

काउंटए भरलेले सेल मोजतं, काउंट फक्त आकडे असलेले. फरक १८. म्हणजे नगांच्या कॉलममध्ये १८ सेल असे आहेत जे आकडा दिसतात पण आकडा नाहीत, आणि सम असो की समइफ्स, दोन्ही अशा सेलकडे काणाडोळा करतात.

तिसऱ्या आकड्यात याहून मोठी बातमी आहे. कच्च्या नोंदींची बेरीज ४६,६६० आणि त्याच नोंदींवरून काढलेला गोषवारा ४६,९०५. गोषवारा मूळ नोंदींपेक्षा २४५ ने जास्त! अटी लावून केलेली बेरीज बिनअटीच्या बेरजेपेक्षा मोठी असूच शकत नाही, निदान एकही ऋण आकडा नसताना आणि एकही ओळ दोनदा मोजली जात नसताना तरी नाहीच. ऋण आकडे नव्हते (=मिन(सी२:सी१२४१) ने खात्री केली). तेव्हा तूट असलेल्या या फाइलमध्ये कुठेतरी वाढही आहे. १,७१५ हा एका चुकीचा आकडा नाही; काही चुका कमी करताहेत, एखादी भर घालते आहे, आणि दिसतं ते फक्त उरलेलं.

ही गोष्ट आधी कळली नसती तर पुढच्या पायरीवर नक्की गोंधळ झाला असता.

१८ सेल

जी कॉलममध्ये =इझनंबर(सी२) लिहून खाली ओढलं आणि फॉल्स आलेल्या ओळी फिल्टर केल्या. अठराही ओळी मोठ्या नगसंख्येच्या, दुसऱ्या एका प्रणालीच्या ब्राउझरमध्ये उघडलेल्या अहवालातून कॉपी करून चिकटवलेल्या. एरवी मजकूर सेलमध्ये डावीकडे सरकलेला दिसतो आणि आकडा उजवीकडे, पण या कॉलमला मध्यभागी अलाइनमेंट दिलेलं होतं, त्यामुळे तो सुगावा पुसला गेला होता. कोपऱ्यातला हिरवा त्रिकोणही नव्हता. म्हणूनच आकड्यांच्या कॉलमला सजावटीसाठी मध्यभागी आणू नये.

सी३१८ मध्ये १२० दिसत होतं. =लेन(सी३१८) चं उत्तर ४. तीन अंक आणि एक न दिसणारं काहीतरी. =युनिकोड(राइट(सी३१८,१)) चं उत्तर १६०. वेबपानांवर ओळ तुटू नये म्हणून वापरली जाणारी ही जागा. साध्या स्पेसबारच्या जागेचा क्रमांक ३२. ट्रिम फक्त ३२ काढतं, क्लीन फक्त ० ते ३१ क्रमांकांची नियंत्रण चिन्हं काढतं, त्यामुळे १६० दोघांच्या हातून सुटतं. 'पेस्ट स्पेशल करून १ ने गुणा' हा नेहमीचा तोडगाही इथे चालत नाही.

चालतं ते हे: कॉलम निवडा, कंट्रोल + एच, शोधायच्या चौकटीत ऑल्ट दाबून धरून नंबर पॅडवर ०१६० टाइप करा, बदलायची चौकट रिकामी ठेवा, रिप्लेस ऑल. नंबर पॅड नसेल तर वेगळ्या कॉलममध्ये =व्हॅल्यू(सबस्टिट्यूट(सी३१८,युनिचार(१६०),"")) आणि मग व्हॅल्यूज म्हणून परत चिकटवा. सेलचं फॉरमॅट टेक्स्ट असेल तर चिन्ह काढूनही आकडा मजकूरच राहतो. तेव्हा फॉरमॅट जनरल करून, डेटा टॅबवरचं टेक्स्ट टू कॉलम्स उघडून थेट फिनिश दाबायचं. फॉरमॅट नुसतं बदलल्याने आधी भरलेली किंमत बदलत नाही.

अठरा सेलमध्ये मिळून १,९६० नग होते. कच्ची बेरीज ४८,६२० झाली, गेटपासांशी तंतोतंत. नोंदी पूर्ण आहेत हे सिद्ध झालं. गोषवारा मात्र ४८,८६५ वर गेला: आधी कमी होता, आता २४५ ने जास्त. अशा वेळी 'दुरुस्तीने बिघडवलं' असं वाटून बदल मागे घेतला जातो. मागे घेण्यासारखं काही नव्हतं, झाकलेली वाढ उघडी पडली एवढंच.

कोणती ओळ किती वेळा मोजली?

सगळ्यांना पहिला संशय येतो तो रेंजवर, आणि त्याला कारणही आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढीवरच्या २०१० च्या गाजलेल्या निबंधात सरासरीचा फॉर्म्युला ओळ ३० ते ४९ ऐवजी ३० ते ४४ वर लावला गेला होता आणि पाच देश गणनेतून वगळले गेले होते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला मूळ शीट मिळाली तेव्हा, २०१३ मध्ये, ते बाहेर आलं. इथे मात्र रेंज बरोबर होत्या, डॉलर जागच्या जागी होते. गोषवाऱ्यातल्या ८९ सेलपैकी एखाद्यात फॉर्म्युल्याऐवजी हाताने टाकलेला आकडा आहे का, हेही पाहिलं: एफ५, स्पेशल, कॉन्स्टंट्स. एकही नाही.

मग प्रश्न उलटा करायचा. प्रत्येक वस्तूने कोणत्या ओळी घेतल्या हे शोधण्यापेक्षा प्रत्येक ओळ किती वस्तूंनी घेतली हे विचारा. जावक शीटवर एफ२ मध्ये:

=समप्रॉडक्ट(काउंटइफ्स(बी२, गोषवारा!$ए$५:$ए$९३, ए२, ">="&गोषवारा!$एच$१, ए२, "<="&गोषवारा!$एच$२))

काउंटइफ्समध्ये सहसा रेंज मोठी आणि अट एक असते. इथे रेंज एका सेलची आणि अटी ८९. ही ओळ त्या ८९ अटींपैकी किती अटींत बसते ते मोजलं जातं, आणि तेही समइफ्स ज्या नियमांनी जुळवणी करतं त्याच नियमांनी. उत्तर प्रत्येक ओळीत १ यायला हवं. आलं असं: १,१६९ ओळींत १, ४५ ओळींत ०, २६ ओळींत २.

उरलेला सगळा बिघाड या ७१ ओळींत.

दोनदा मोजलेल्या २६ ओळी

सगळ्या ओळी 'पिशवी १२*४*१८' या वस्तूच्या, मधला ४ घडीचा. यादीत 'पिशवी १२*१८' ही बिनघडीची वेगळी वस्तू आहे. समइफ्स, काउंटइफ, व्हीलुकअप यांच्या अटीत फुलीसाठी टाकलेला तारा हा तारा नसतो. 'इथे काहीही चालेल' असा त्याचा अर्थ होतो. म्हणून 'पिशवी १२*१८' ही अट १२ ने सुरू होऊन १८ ने संपणारी प्रत्येक पिशवी गिळते, मधल्या ४ सकट. घडीच्या पिशव्यांचे १,१३० नग आपल्या ओळीत एकदा आणि शेजारच्या ओळीत पुन्हा एकदा मोजले जात होते.

ताऱ्याआधी टिल्ड (~) चिन्ह लावलं की तो साधा तारा ठरतो. फॉर्म्युल्यात ए५ ऐवजी सबस्टिट्यूट(ए५,"*","~*") लिहिलं की काम भागतं. पण कायमचा इलाज म्हणजे नावांतून तारा हद्दपार करून तिथे × हे चिन्ह वापरणं, आणि ते करताना एक सापळा आहे. कंट्रोल + एच मध्ये शोधायच्या चौकटीत नुसता * टाकून रिप्लेस ऑल केलं तर एक्सेल प्रत्येक सेलचा संपूर्ण मजकूर 'काहीही' म्हणून धरतं आणि सगळा कॉलम × ने भरून टाकतं. शोधायचं असतं ~* असं. हा बदल तिन्ही शीटवर एकाच वेळी करायला हवा, नाहीतर नावं एकमेकांना ओळखणार नाहीत.

डी कॉलमसाठी एका नगाचं वजन व्हीलुकअप वस्तूसूचीत नाव शोधून आणतं, म्हणून त्याचाही इथे जाता जाता विचार करायला हवा. शेवटी फॉल्स लिहून अचूक जुळणी मागितली तरी ताऱ्याचा हा अर्थ तसाच राहतो आणि यादीत वरून पहिली सापडेल ती वस्तू मिळते. वस्तूसूचीत साधी पिशवी आधी होती म्हणून वजन बरोबर येत होतं. यादी कुणी उलटी लावली असती तर वजन बिनबोभाट बदललं असतं. एक्सलुकअप आपणहून ताऱ्याला विशेष अर्थ देत नाही, पण ते एक्सेल २०२१ पासूनच्या आवृत्त्यांत किंवा ३६५ मध्येच मिळतं.

शून्य वेळा मोजलेल्या ४५ ओळी: त्यातल्या सात

फिल्टर लावल्यावर ४५ ओळींचे दोन गट पडले. सात ओळी महिनाभर विखुरलेल्या, सगळ्या 'दोऱ्या' या वस्तूच्या. गोषवाऱ्यातही 'दोऱ्या' आहे. डोळ्यांना दोन्ही एकच. पण गोषवाऱ्यातल्या नावाची लेन ६ आणि या ओळींतल्या नावाची ७.

मराठीत फाइली करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावंच. पडद्यावर दिसणारा 'ऱ्या' संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर (२३५३), मग हलन्त (२३८१), मग य. दुसरा, साधा र (२३५२), हलन्त, मग जोडणारं अदृश्य चिन्ह (८२०५) आणि मग य. कोणता प्रकार उमटेल ते कीबोर्डवर अवलंबून, आणि दोन माणसं दोन कीबोर्ड वापरत असतील तर एकाच फाइलमध्ये दोन्ही येतात. पायऱ्या, सुऱ्या, दोऱ्या, कुठेही हे होऊ शकतं. कोणतं अक्षर वेगळं आहे ते पाहायला =युनिकोड(मिड(बी७७,३,१)), मग ४, मग ५, असं पुढे सरकत जायचं.

दुरुस्ती बी कॉलमवर एकदा चालवायची:

=सबस्टिट्यूट(बी२, युनिचार(२३५२)&युनिचार(२३८१)&युनिचार(८२०५), युनिचार(२३५३)&युनिचार(२३८१))

आणि पुढच्या महिन्यापासून बी कॉलमला डेटा व्हॅलिडेशनची यादी लावायची, म्हणजे नाव टाइप करण्याचा प्रश्नच राहत नाही. मात्र कॉपी-पेस्ट केलेल्या किमती व्हॅलिडेशनला चुकवून आत शिरतात. सात ओळींचे ४१० नग.

बाकी अडतीस

या सगळ्या ३१ मार्चच्या. तारखेचा कॉलम आधीच एकदा तपासून झाला होता: =काउंट(ए२:ए१२४१) १,२४० येत होतं, म्हणजे मजकूर झालेली एकही तारीख नाही. दिवस आणि महिना यांची अदलाबदल झालेली असती तर १२ पर्यंतचे दिवस भलत्या महिन्यांत गेले असते आणि १३ पासूनचे मजकूर म्हणून पडून राहिले असते, तसंही नव्हतं.

पण त्यातला एक सेल जनरल फॉरमॅटमध्ये पाहिला की ४५७४७.६०४१६६७ असा आकडा दिसतो. एक्सेलमध्ये तारीख म्हणजे दिवसांचा क्रमांक आणि वेळ म्हणजे त्याचा अपूर्णांक. ४५७४७ म्हणजे ३१ मार्च २०२५, आणि .६०४ म्हणजे दुपारचे अडीच. प्रणालीतून येणाऱ्या नोंदींना वेळ चिकटलेली होती आणि सेलचं फॉरमॅट ती लपवत होतं. एच२ मधली ३१ मार्च म्हणजे तो दिवस सुरू होतानाचे रात्रीचे बारा, नुसता ४५७४७. दुपारी अडीचची नोंद त्याहून मोठी, म्हणून "<=" मध्ये बसत नाही. महिन्याच्या इतर दिवसांना याचा काही त्रास नाही, फक्त शेवटचा दिवस कायम उपाशी. दर महिन्याला हीच चूक होत असणार हे उघड आहे. शेवटच्या दिवशी जावक कमी असेल त्या महिन्यात ती कुणाच्या डोळ्यांतही भरली नसेल.

अट "<="&$एच$२ ऐवजी "<"&$एच$२+१ अशी केली. + ही क्रिया & च्या आधी होते, त्यामुळे कंस लागत नाही. ४७५ नग.

चारही गटांत सामाईक ओळ एकही नव्हती, म्हणून हिशेब सरळ लागतो: ४६,९०५ + १,९६० + ४१० − १,१३० + ४७५ = ४८,६२०. ओळी सामाईक असत्या तर दुरुस्तीच्या क्रमानुसार प्रत्येकीचा वाटा बदलला असता. फरक बराच कमी झाला म्हणून तपास थांबवायचा नसतो. शेवटच्या नगापर्यंत कारण सापडायला हवं.

इफएररने काय झाकलं

इफएरर म्हणजे एरर आली तर तिच्याऐवजी आपण दिलेली किंमत दाखवणारं फंक्शन. वजनाचा फॉर्म्युला असा होता: =इफएरर(सी२*व्हीलुकअप(बी२,वस्तूसूची!$ए$२:$सी$९०,३,फॉल्स),०). मूळ फाइलच्या प्रतीत इफएररचं वेष्टण काढलं तर डी कॉलममध्ये लगेच २५ एरर उमटतात. १८ ठिकाणी #व्हॅल्यू!, कारण मजकुराचा गुणाकार होत नाही. ७ ठिकाणी #एन/ए, कारण दोऱ्या सापडत नाहीत. चारपैकी दोन कारणं एक्सेल पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होतं आणि त्याच्या तोंडावर शून्य चिकटवलेलं होतं. छापायच्या शेवटच्या तक्त्यात इफएरर ठीक आहे. मधल्या गणनेत ते नको, आणि बेरजेत जाणाऱ्या कॉलममध्ये एररऐवजी शून्य तर मुळीच नको. वापरायचंच झालं तर फक्त #एन/ए झाकणारं इफएनए वापरा, निदान #व्हॅल्यू! तरी दिसत राहील.

वजन: जुळतं, तरी 'फरक'

सगळं दुरुस्त झाल्यावर एक ताळा तरीही 'फरक' म्हणत होता. जावक शीटवर ओळवार वजनांची बेरीज ९,४१७.६०, गोषवाऱ्यात वस्तूवार नग गुणिले वजन यांची बेरीज ९,४१७.६०, आणि =इफ(...=...,"जुळते","फरक") चं उत्तर फरक. वजाबाकी कंसात टाकून पाहिल्यावर दशांश चिन्हानंतर दहा शून्यं आणि मग २१८ असा आकडा आला. कंस नसेल तर एक्सेल अशी बारीक वजाबाकी कधी कधी शून्यच करून दाखवतं, म्हणून कंस.

ही माहितीतली चूक नव्हे. संगणक आकडे द्विमानात, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ठेवतो आणि ०.१ सारखा अपूर्णांक द्विमानात नेमका मावत नाही. बेरजेचा क्रम बदलला की शेवटच्या घरातली ही धूळ वेगळी साचते. ताळ्यात दोन्ही बाजू राउंड(...,२) मध्ये घातल्या की झालं. सेटिंगमधला 'दिसते तेवढीच अचूकता ठेवा' हा पर्याय मात्र वापरू नका. तो साठवलेल्या किमतीच कायमच्या छाटतो आणि त्या परत मिळत नाहीत.

शेवटी फाइलमध्ये तीन ताळे कायमचे बसवले, गोषवाऱ्याच्या डोक्यावर, लाल रंगात: काउंटए वजा काउंट; गोषवाऱ्याची बेरीज वजा कच्ची बेरीज; आणि एफ कॉलममध्ये १ नसलेल्या ओळींची संख्या, =काउंटइफ(जावक!एफ२:एफ१२४१,"<>१"). तिन्ही ठिकाणी ० हवा. एफ कॉलममधली तारखेची अट समइफ्समधल्या अटीसारखीच बदलायला विसरू नका. बिघडलेल्या मूळ फाइलवर हेच ताळे १८, २४५ आणि ७१ दाखवतात. मधला ताळा एकटा ठेवला तर पुरत नाही, कारण १,१३० ची वाढ आणि ८८५ ची तूट त्यात एकमेकींना खाऊन टाकतात. दोन्ही आकडे योगायोगाने सारखे असते तर तो शून्यच दिसला असता.